घड्याळाचे 'मशीन': बदलले, खोलले की बसवले?

प्रश्न:
वडिलांचे चावीचे स्विस घड्याळ सर्व्हिसिंगला दिले होते. परत आले तेव्हा पावतीवर एकच ओळ होती, 'मशीन बदलले'. विचारले तर म्हणाले, "तेच हो, सर्व्हिसिंग झाले." हे दोन्ही एकच का? आणि 'मूव्हमेंट'ला, म्हणजे घड्याळाच्या आतल्या या मशीनला, मराठीत म्हणायचे तरी काय? शब्दकोशात 'हालचाल' आणि 'चळवळ' एवढेच मिळते.

उत्तर:
एकच अजिबात नाही. सर्व्हिसिंगमध्ये मशीन तेच राहते. ते केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचातून, काढतात, पूर्ण खोलतात, सुटे भाग धुतात, झिजलेला असेल तो भाग बदलतात, मग जोडताना जागोजागी तेल देतात. तेलही सगळीकडे एक नसते. वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना पातळ, जिथे जोर जास्त तिथे दाट. 'मशीन बदलले' म्हणजे यातले काहीच न करता अख्खे मशीन काढून दुसरे घातले. दुसऱ्या कामात वाईट काही नाही, जुने फार गंजले असेल तर तोच मार्ग उरतो. पण ते तुम्हाला विचारून व्हायला हवे होते. वडिलांच्या मनगटावर जे चालत होते ते आता त्या घड्याळात नाही, आणि 'तेच हो' या दोन शब्दांनी ही गोष्ट झाकली गेली.

आता शब्दाकडे. कारागीर आणि गिऱ्हाईक दोघेही 'मशीन' म्हणतात, आणि मला तोच शब्द योग्य वाटतो. 'चलन' म्हटले की नोटा आठवतात, 'चळवळ' तर इथे चालणारच नाही. मात्र 'आंदोलन' हा शब्द पाहा. मूळ अर्थ झुलणे, झोके घेणे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तो याच अर्थाने आहे, आणि मशीनच्या आत अक्षरशः तेच चालते. बॅलन्स व्हील नावाचे चक्र डोक्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर डावीउजवीकडे झुलते. आजच्या बऱ्याच स्विस मशीनचा वेग तासाला 28,800 ठोके असतो, म्हणजे सेकंदाला 8. एका पूर्ण आंदोलनात दोन ठोके, म्हणून आंदोलने सेकंदाला 4. तेव्हा मशीनला 'आंदोलन' म्हणू नये, पण त्याच्या काळजाच्या कामाला जरूर म्हणावे.

दुसरे उत्तर:
'मशीन' म्हटले की शिवणयंत्र किंवा पिठाची गिरणी डोळ्यांपुढे येते. इतक्या किमती घड्याळाला 'यंत्रणा' जास्त शोभेल ना?

उत्तर:
'यंत्रणा' म्हटले की सरकारी यंत्रणा, मदतयंत्रणा आठवते. अनेक माणसांची किंवा भागांची व्यवस्था असा तिचा अर्थ आहे. हातात धरून 'हे घ्या' म्हणता येईल अशी वस्तू त्यातून दिसत नाही. मशीन चिमट्यात धरता येते.

गोंधळ होतो तो 'कॅलिबर' मिसळल्यावर. या शब्दाच्या मुळाशी अरबीतला 'साचा' या अर्थाचा शब्द सांगतात, आणि तो अर्थ इथे चपखल बसतो. कॅलिबर म्हणजे रचना, आराखडा. त्या आराखड्यावर बनलेली एकेक वस्तू म्हणजे मशीन. म्हणून 'कॅलिबर तुटले' म्हणता येत नाही, आणि 'मशीन बदलले' एवढ्याने काहीच कळत नाही. त्याच कॅलिबरचे दुसरे मशीन बसवले, की त्याच मापाचे वेगळ्या कारखान्याचे, की भलतेच?

उदाहरण देतो. ईटीए या स्विस कंपनीचे 2824-2 हे फार प्रचलित ऑटोमॅटिक कॅलिबर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे. व्यास 25.6 मिलिमीटर, जाडी 4.6. सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचे एसडब्ल्यू 200-1 नेमके त्याच मापाचे आहे, म्हणून एकाच्या जागी दुसरे बसते. ईटीए 2892-ए2चा व्यासही 25.6च, पण जाडी 3.6. घेर जुळला म्हणून कोणी ते 2824च्या केसमध्ये घातले, तर चावीचा दांडा केसच्या भोकासमोर येईलच असे नाही, डायलचे पाय (मागच्या बारीक खुंट्या) आपल्या भोकांत जातीलच असे नाही, आणि काट्यांचेही तेच. मग कुठे चिकटवा, कुठे रिंग घाला, कुठे घासा. याला मी 'मशीन टाकले' म्हणेन. 'बसवले' म्हणणार नाही. मराठीत 'बसणे' या क्रियापदात जुळणे आहे: अंगरखा अंगाला बसतो, झाकण बरणीला बसते. ते क्रियापद फुकट घालवू नये. काटे बसवतानाही चांगला कारागीर आधी तारीख कुठल्या क्षणी उलटते ते पाहतो आणि त्याच क्षणी काटे बारावर दाबतो. नाहीतर तारीख रात्री दीडला बदलते.

प्रश्नकर्ता:
मला 'ओरिजिनल मशीन घातले आहे' असेही सांगितले. म्हणजे काय समजू?

उत्तर:
सगळ्यात घोटाळ्याचा शब्द हाच. 'ओरिजिनल' तीन अर्थांनी वापरतात: नकली नाही, त्याच कंपनीचे आहे, आणि जन्मापासून याच घड्याळातले आहे. बदललेले मशीन तिसऱ्या अर्थाने ओरिजिनल असूच शकत नाही. दुसरा अर्थही सरळ नाही. 1988 ते 2000 या काळातल्या रोलेक्सच्या डेटोना या घड्याळाच्या ऑटोमॅटिक प्रकारात झेनिथ या दुसऱ्या कंपनीचे एल प्रिमेरो हे मशीन पायाला होते. रोलेक्सने त्यात पुष्कळ बदल केले, वेग तासाला 36,000 ठोक्यांवरून 28,800वर आणला आणि 4030 असा आपला क्रमांक दिला. त्या घड्याळाचे ओरिजिनल मशीन म्हणजे तेच 4030. तेव्हा 'ओरिजिनल' ऐकले की कॅलिबरचा क्रमांक विचारा, आणि जुने मशीन परत मागा. ते तुमचे आहे.

तिसरे उत्तर:
थोडे विषयांतर, पण 'चावी' राहून गेली. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. जुन्या खिशातल्या घड्याळांना खरोखरच वेगळी किल्ली असे. 1840च्या दशकात आद्रियां फिलिप या फ्रेंच घड्याळजीने मुकुटासारख्या बोंडाने चावी देण्याची रचना काढली आणि पुढे किल्ली गेली. मराठीत मात्र त्या बोंडालाच चावी म्हणू लागले. आजही आपण घड्याळाला चावी 'देतो', 'फिरवतो' क्वचितच म्हणतो.

प्रश्नकर्ता:
जुने मशीन मागितले, डबीत मिळाले. डायल नसल्यामुळे फार लहान दिसते. त्यावर '17 ज्युवेल्स' कोरले आहे. हे दागिने कसले?

उत्तर:
दागिने नव्हेत, माणके. तीही कृत्रिम. चक्रांची टोके धातूत फिरली तर झिजतात, म्हणून ती छिद्र पाडलेल्या माणकात फिरवतात. माणिक कठीण, गुळगुळीत, आणि त्याच्या खोबणीत तेल धरून राहते. 17 ही हाताने चावी द्यायच्या साध्या घड्याळाची पुरेशी संख्या. डबी कोरडी ठेवा, आणि चिठ्ठीवर लिहा: वडिलांचे मूळ मशीन, काढल्याची तारीख अमुक. गंज कुठवर गेला आहे ते एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवा. खोलून, धुऊन, तेल देऊन चालले, तर ते पुन्हा त्याच केसमध्ये बसेल.