आजोबांची १९९८ ची मारुती ८०० : ठेवू की विकू?

कळंब्याचा_नातू

नमस्कार मंडळी. घरात तीन माणसांची तीन मतं झालीत, म्हणून इथं विचारतोय.

आजोबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९९८ ला रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून पांढरी मारुती ८०० काढली. कार्बोरेटरवाली, चार गिअरची, एमएच ०९ पासिंग. आजवर १,१२,००० किमी झालीत. मागच्या वर्षी आजोबा गेले. तेव्हापासून, म्हणजे चौदा महिने, गाडी कळंब्यात शेडमध्येच उभी आहे. पासिंग २०२८ पर्यंत आहे.

भाऊ म्हणतो भंगारात दे, पंचवीस हजार येतायत. आई म्हणते गाडी दारातून हलवायची नाही. मला काहीच ठरवता येईना. मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला आहे, रोजचं जाणं-येणं करायला ही गाडी चालेल का?

दुसरा प्रश्न जरा वेगळा आहे. आजोबांनी या गाडीची वही ठेवली होती. प्रत्येक वेळी किती लिटर पेट्रोल टाकलं, किती किमी झाले, ॲव्हरेज किती पडलं, सगळं पेनानं लिहिलेलं. शेवटच्या पानापर्यंत १७, १७.५, १६.८ असे आकडे आहेत. पावसाळ्यात कुणी ओल्या चपलांनी गाडीत बसलेलं त्यांना खपायचं नाही. एका साध्या, स्वस्त गाडीवर त्या पिढीचा एवढा जीव का होता, हे ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी सांगावं.

रविवारी नवी बॅटरी बसवून सेल मारून बघणार आहे.

लेथवाला_काका

बाळा, आधी एक सांगतो. रविवारी सेल मारू नकोस. का ते खाली लिहितो, पण पोस्ट अर्धी वाचून गाडीकडं पळशील म्हणून वर लिहिलं.

मी चौतीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगच्या, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून गोल करायच्या, मशीनवर काढली. ८०० मी दारातून बघितली आणि आतूनही बघितली. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो.

८०० येण्याआधी मध्यमवर्गाला गाडी म्हणजे काय होतं? ॲम्बेसेडर नाहीतर फियाट, तीही नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून. स्वस्त देशी गाडीचं स्वप्न १९७१ पासून होतं. संजय गांधींची मारुती कंपनी तेव्हाच निघाली होती, पण त्यातून लोकांच्या दारात गाडी आली नाही आणि कंपनी बंद पडली. संजय गांधी गेल्यावर सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९८१ ला मारुती उद्योग उभी केली. मग भागीदार शोधला. ऑक्टोबर १९८२ ला जपानच्या सुझुकीशी करार झाला, त्यांनी २६ टक्के हिस्सा घेतला. सुझुकी तेव्हा जपानातल्या मोठ्या कंपन्यांच्या मानानं लहान होती. ओसामु सुझुकींनी इथं येण्याचं धाडस केलं. डिसेंबर २०२४ ला ते गेले आणि पुढच्या वर्षी आपल्या सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. मला त्याचं फार बरं वाटलं.

करारानंतर सव्वा वर्षाच्या आत, १४ डिसेंबर १९८३ ला, गुडगावात पहिली गाडी बाहेर पडली. किल्ली इंदिरा गांधींनी दिली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्या कारखान्यात साहेब आणि कामगार एकाच गणवेशात, एकाच कॅन्टीनमध्ये जेवायचे. हे ऐकून आमच्या शॉपमध्ये आम्ही दोन दिवस दुसरं काही बोललो नव्हतो.

पहिलं मॉडेल एसएस ८०. १९८६ ला नवी बॉडी आली, तुझी गाडी त्याच घराण्यातली. इंजिन मात्र तेच, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७२. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारलेस तरी सांगेन, कारण याच आकड्यांनी मला शहाणं केलं.

आमच्याकडं तेव्हा ज्या जुन्या गाड्या बोअरिंगला यायच्या त्यांचे सिलिंडर साठ-सत्तर हजार किमीत लंबगोल झालेले असायचे. नखानं चाचपलं तरी वरची कड लागायची. ९५ च्या आसपास पहिली ८०० खोलून आली. सव्वा लाख किमी पळालेली. मी बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं माप, लावला, परत लावला, मग गेज बिघडला असं समजून शेजारच्या शॉपमधला आणला. झीज दोन-अडीच थाऊ, म्हणजे इंचाचे दोन-अडीच हजारांश. होनिंगच्या, म्हणजे नवा सिलिंडर घासतानाच्या, रेघाही काही ठिकाणी दिसत होत्या. आमचे मालक चष्मा काढून बघत बसले. कास्टिंगचं गाव आहे आपलं, लोखंड आपल्याला कळतं. तो ब्लॉक आमच्या मालकांनी चार पोरांना बोलावून दाखवला आणि म्हणाले, काम असं असतंय बघा.

आजोबांचा जीव का होता, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. सकाळी सहाला चोक ओढला की गाडी चालू. मास्तर माणूस, पगार मोजका. लेकीच्या सासरी जायचं तर रात्रभर गाडीची काळजी करत पडायचं नाही, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा मिळाली. वहीतला १७ चा आकडा वीस वर्षांत हलला नाही म्हणतोस, मग आणखी काय पाहिजे?

मी स्वतः ९७ ला घेतली. गगनबावड्याच्या घाटातून खाली कोकणात किती खेपा केल्या याचा हिशेब नाही. पाच माणसं आणि एसी, दोन्ही मागितलं तर चढ चढायची नाही. ३७ हॉर्सपॉवर, त्याच्याकडनं किती मागायचं? एसी बंद, दुसरा गिअर, काचा खाली. करूळचं धुकं आत यायचं आणि पोरं गाणी म्हणायची. अजून आहे माझ्याकडं. मी फक्त गावात फिरवतो.

आता सेलचं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, रबरी आहे. रबर किमीनं झिजतं तसं वयानंही मरतं, आणि मेलेला बेल्ट सेल मारताच तुटू शकतो. वहीत बघ, बेल्ट कधी बदलला ते तुझ्या आजोबांनी लिहिलं असणार. ते कळवल्याशिवाय हात लावू नको.

राजारामपुरी_७वी_गल्ली

काकांचं वाचून डोळे भरले. मी गाडी शिकले ती वडिलांच्या ८०० वर, शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर, २००१ साली. आमच्या गल्लीत तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका दोन. इतकी हलकी आणि छोटी गाडी की महाद्वार रोडच्या गर्दीतही भीती वाटायची नाही. माझा धीर त्या गाडीनं वाढवला, हे मी माझ्या मुलीलाही सांगते.

पण तुला वाईट वाटलं तरी लिहिते. मी ती २०१६ ला विकली. मुलगी मागच्या सीटवर बसायला लागली आणि पुणे हायवेला शेजारून ट्रक गेला की गाडी हलायची. पत्रा पातळ, एअरबॅग नाही, एबीएस नाही. तो काळच तसा होता, कुणाच्याच स्वस्त गाडीत ते नव्हतं. आज नव्या गाडीला पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची आहे, ते उगाच नाही. गोकुळ शिरगावला जायचं म्हणजे तू रोज हायवेवर, शिफ्ट सुटताना कंटेनरच्या मधे. कृपा करून रोजच्यासाठी ही गाडी वापरू नकोस. रोजला दुसरी बघ. ही ठेव, आईला रविवारी अंबाबाईला घेऊन जा.

शाहूपुरी_मिस्त्री

दोघांचंही बरोबर आहे. मी फक्त कामाचं लिहितो.

१. पार्टची काळजी करू नको. हेच इंजिन ओम्नीला होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट आजही मिळतं. पुढचं बंपर, काचेच्या पट्ट्या असलं बॉडीचं सामान मात्र जुन्या बाजारात शोधावं लागतं.

२. पेट्रोल. चौदा महिन्यांचं टाकीतलं सगळं काढून टाक. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं आहे, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, मी त्याच्या विरोधात नाही. पण ९८ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतून गंज धरतो. जुने रबरी पाइप फुगतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा कडक होतो. सगळे पाइप आणि पंपाचं किट नवीन घाल, मोठा खर्च नाही. कार्बोरेटर उतरवून धुवायला पाहिजेच. आणि इथून पुढं टाकी भरून गाडी उभी करायची नाही. थोडं टाकायचं, फिरवायची.

३. टायर. कितीही नक्षी दिसली तरी जुने टायर घालून बाहेर काढू नको. १२ इंची रिम आहे, दुकानात आधी विचारून ठेव.

४. कागद. २०२८ ला परत पासिंग येईल. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी १०,००० झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही बसवून घे.

कार्बोरेटरवाली आहे हे तुझं नशीब समज. २०१९ च्या महापुरात नागाळा पार्कातली एक अशीच ८०० पाच दिवस पाण्यात होती. टपापर्यंत पाणी. मालकांनी आशा सोडली होती. आम्ही प्लग काढले, सिलिंडरमधलं पाणी उपसलं, ऑइल तीन वेळा बदललं, डायनॅमो आणि स्टार्टर उन्हात वाळवून भरले, सीट फेकून दिल्या. सतराव्या दिवशी चालू झाली. त्याच शेडमध्ये तेव्हा नव्या गाड्याही होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आणि वायरिंगमध्ये पाणी गेलेलं, त्या विमा कंपनीनं उचलून नेल्या. मारुतीनं २००० च्या सुमारास ८०० लाही कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी यंत्रणा, आणली, धुराच्या नियमांसाठी ते करावंच लागलं आणि चालवायला ती गाडी जास्त गुळगुळीत आहे. पण हातानं दुरुस्त होणारी गाडी म्हणजे तुझीच.

कळंब्याचा_नातू

काका, वही सापडली. १९ एप्रिल २०११ च्या खाली लिहिलंय : "९६,२४० किमी. टायमिंग बेल्ट नवीन. मिस्त्री म्हणाले, आता चिंता नाही." त्यानंतर बेल्टचा उल्लेखच नाही. म्हणजे बेल्टला चौदा वर्षं होऊन गेली, आणि मी रविवारी सेल मारणार होतो.

ताई, तुमचं पटलं. हायवेचा विचार सोडला. भावाशी काल रात्री बोललो. रोजला आम्ही दोघं मिळून एक सेकंडहँड गाडी बघू, एअरबॅगवाली. ८०० विकायची नाही. भाऊ आधी गप्प होता, मग वही घेऊन बसला. त्यात त्याच्या दहावीच्या पेपराच्या सगळ्या तारखा निघाल्या. केंद्रावर आजोबा सोडायला जायचे, "कळंबा ते केंद्र ७ किमी" असं सात वेळा लिहिलंय. भंगारवाल्याला त्यानंच फोन करून नको म्हणून सांगितलं.

मिस्त्री, गाडी टो करून आणू का?

शाहूपुरी_मिस्त्री

टो नको, शेडमध्येच येतो. आधी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप एकदमच बदलू, तिथं परत परत खोलायला नको. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून एक रात्र ठेवू. दुसऱ्या दिवशी हातानं पुली फिरवायची. मोकळी फिरली तरच बॅटरी लावायची.

लेथवाला_काका

पुली फिरवायच्या दिवशी मला पण बोलवा. बोअर गेज घेऊन येत नाही, काळजी करू नका. इंजिन खोलायची गरज पडणार नाही. मला फक्त ती वही बघायची आहे.