मदत हवी आहे : आजोबांच्या डायऱ्या आणि पत्रांचे दोन रुमाल कुठे द्यावेत? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

महालातलं आमचं जुनं घर पावसाळ्याआधी रिकामं करून द्यायचं आहे. माळा उपसताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आजोबा इथल्या सचिवालयात कारकून होते. पेटीत त्यांच्या 11 डायऱ्या आहेत, 1946 ते 1957 (मधलं एक वर्ष नाही), आणि लाल सुती रुमालात बांधलेले पत्रांचे दोन गठ्ठे. एका रुमालाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली : 'भोपाळ'. दुसऱ्याला : 'मुंबई'.

1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, उरलेला भाग नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि आजोबांच्या कचेरीतली मंडळी दोन वाटांना लागली. ही सगळी त्यांची पत्रं. खोलीचं भाडं, अडकलेला पगार, मुलांसाठी मराठी शाळा कुठे मिळेल. भोपाळहून आलेल्या एका कार्डावर जागा संपली म्हणून समासात उभं लिहिलंय, 'इकडे ज्वारीची भाकर नाही. येणाऱ्याच्या हाती पीठ पाठवणे.' हे वाचून मी बराच वेळ माळ्यावरच बसून होते.

डायरीत 14 ऑक्टोबर 1956 चं पानही आहे : 'रविवार. उमरेडकडून पहाटेपासून माणसं चाललीत, पांढऱ्या कपड्यांत. बाया, कडेवर लेकरं. दारापुढे रांजण ठेवला. दुपारपर्यंत चारदा भरला.' दीक्षाभूमीबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं असतं, पण हा रांजण आमच्या दारातला होता.

हे कागद घरात ठेवून टिकणार नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावेत, पुराभिलेख विभागाला, की दिल्लीला? मनापासून वाटतं की नागपुरातच राहावेत. पण भीती वाटते. बाबांची पुस्तकं आम्ही एका वाचनालयाला दिली होती, त्यातली काही पुढे रद्दीवाल्याच्या गाड्यावर दिसली. आतल्या पानावर बाबांची सही होती. पुन्हा तसं व्हायला नको. शिवाय पत्रांत लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत, उसनवारी, भांडणं. आणि चुलतभाऊ म्हणतो, सगळी पत्रं एकत्र करून तारखेप्रमाणे लावू, मगच देऊ. त्याला हो म्हणू का?

प्रतिसाद १

ताई, आधी भावाला थांबवा. दोन्ही रुमाल एकत्र केले की आजोबांनी केलेली वाटणी पुसली जाईल, आणि 1956 मध्ये काय झालं ते त्या वाटणीतच दिसतं. कोणतं पत्र कोणत्या गठ्ठ्यात, कितवं, ते तसंच राहू द्या. अभिलेखागारातसुद्धा मूळ क्रम मोडत नाहीत. तारखेप्रमाणे यादी हवी तर वहीत करा, कागद हलवू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आता उन्हाळा आहे म्हणून गच्चीवर वाळत घालाल, तेही नको, उन्हानं कागद आणखी ठिसूळ होतो. डांबरगोळ्याही टाकू नका. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं झटका आणि कोरड्या खोलीत जमिनीपासून उंचावर ठेवा.

जुन्या प्रांताची सरकारी दप्तरं राज्य पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात आहेत. फाइली तिथे आणि त्या लिहिणाऱ्या कारकुनाच्या डायऱ्या त्याच गावात, याचं अभ्यासकाला मोल आहे. म्हणून पहिली चौकशी तिथे आणि विद्यापीठात करा. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीन मूर्तीचं ग्रंथालय खाजगी कागदपत्रं ठेवतात, पण तो पर्याय नंतरचा.

कुठेही द्या, तोंडी देऊ नका. दानपत्र करा. नगांची यादी जोडा, प्रत्येक गठ्ठ्याचा दाखल क्रमांक मागा. संग्रह फोडायचा नाही, काढून टाकायचा झाला तर आधी कुटुंबाला विचारायचं, हे त्यात लिहून घ्या. बाबांच्या पुस्तकांच्या वेळी असा कागद असता तर निदान जाब विचारता आला असता. नाजूक पत्रं ठरावीक वर्षं बंद ठेवण्याची अटही घालता येते. आणखी एक : पत्रांचे कागद तुमचे, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्यांचा, त्यांच्यानंतर वारसांचा, आणि त्यांच्या हयातीत न छापलेल्या पत्रांवर तो पहिल्यांदा छापल्यापासून 60 वर्षं राहतो. त्यामुळे फोटो काढून फेसबुकवर टाकू नका.

धागाकर्ती

खूप आभार दादा. भावाला वाचून दाखवलं, तो लगेच मानला. दोन्ही रुमालांचे गाठीसकट फोटो काढले, सोमवारी सिव्हिल लाइन्सला पुराभिलेख कार्यालयात जाऊन येते. एकच विचारायचं राहिलं. 'भोपाळ'च्या चिठ्ठीची टाचणी पार गंजली आहे, काढू का?

प्रतिसाद १

ओढू नका, कागद फाटेल. मागच्या बाजूनं गंज अलगद मोकळा होतो का बघा. नाही सुटली तर राहू द्या, तिथले जाणकार काढतील. निघाली तर चिठ्ठी पांढऱ्या कागदाच्या घडीत घालून त्याच रुमालात, वरच ठेवा.