शब्द हवा आहे : रक्त थांबल्याची इजा की परतल्याची?

हिरवी_फांदी : परिचारिकांच्या पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. एक प्रकरण आहे 'आतड्याच्या पेशींचे इस्केमिया-रिपर्फ्यूजन इंज्युरीपासून संरक्षण'. मी 'रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणारी हानी' असं केलं. तपासनीस म्हणतात, अर्धा अर्थ गळला. सुटसुटीत शब्द सुचवा.

टाकेशिवण : अर्धा गळला आणि उरलेल्या अर्ध्यातही खोट आहे. 'खंडित' म्हणजे साफ बंद, इस्केमिया म्हणजे रक्ताची तंगी. शॉकमध्ये धमनी उघडीच असते, रक्त तुटपुंजं पोचतं, तोही इस्केमियाच. गळलेला भाग रिपर्फ्यूजनचा, म्हणजे रक्त परतण्याचा. रक्त अडलं की पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारं रसायन, मोडत जाऊन त्याचा अवशेष हायपोझॅन्थिन साठतं आणि झॅन्थिन डिहायड्रोजनेज या विकराचं (एन्झाइमचं) ऑक्सिडेज होतं. ऑक्सिजन परतला की हेच ऑक्सिडेज सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं पेशी पोळणारं रूप, तयार करतं, मागोमाग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घुसतात. पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांजराच्या लहान आतड्यात दाखवलं की ३ तास रक्ताची तंगी आणि मग १ तास प्रवाह, यात अस्तराची हानी सलग ४ तासांच्या तंगीपेक्षा जास्त होते.

कोपऱ्यातला : लाइट गेल्यावर नाही, आल्यावर फ्रिज जळतो, तसं.

टाकेशिवण : बरंचसं तसं. फक्त लाइट गेलेली असतानाही फ्रिजमधलं नासत असतंच. पहिली झळ व्हिलायच्या, म्हणजे अस्तरावरच्या बोटांसारख्या अंकुरांच्या, शेंड्याला. अंकुरात वर जाणारी धमनिका आणि खाली येणारी शीर इतक्या जवळ असतात की ऑक्सिजन वाटेतच पलीकडे झिरपतो, शेंड्याला मुळातच कमी पोचतो. ही हानी मोजायच्या चिऊ यांच्या १९७० च्या श्रेणीत १ म्हणजे शेंड्याच्या अस्तराखाली पोकळी, ४ म्हणजे अंकुर उघडेबोडके, ५ म्हणजे आतला गाभाच विरघळून रक्तस्राव. तळाच्या खळग्यांतल्या मूळपेशी वाचल्या तर अस्तर काही दिवसांत पुन्हा धरतं.

शब्दखोर : ग्रीक मुळात अर्थ 'रक्त अडवणे'. 'रक्तरोध' म्हणा की.

टाकेशिवण : नको. 'रक्तरोधक' वाचून परिचारिका रक्तस्राव थांबवणारं औषध समजेल. 'रक्तन्यूनता'ही नको, तो रक्तक्षय वाटतो.

हिरवी_फांदी : आणि रिपर्फ्यूजनला 'पुनर्सिंचन'?

विसर्ग : 'पुनर्' नव्हे. पुढे मृदू वर्ण किंवा स्वर असला तरच विसर्गाचा र होतो : पुनर्जन्म, पुनर्वसन. 'स'पुढे पुनःसिंचन.

कोपऱ्यातला : टीव्हीवर रोज 'पुनर्प्रक्षेपण' दिसतं. ते बंद पाडणार का?

विसर्ग : रोज दिसलं म्हणून शुद्ध होत नाही.

टाकेशिवण : विसर्ग राहो न राहो, 'सिंचन' नको. पोट सलाइनने धुण्याशी गोंधळ होईल. 'पुनःप्रवाह' बरा.

हिरवी_फांदी : 'व्हायेबल'ला काय? 'जीवनक्षम' फार कोरडं वाटतं.

शब्दखोर : धुगधुगी!

टाकेशिवण : शब्द गोड आहे, पण धुगधुगी म्हणजे शेवटची आशा. इथे निर्णय घ्यायचा असतो. पीळ पडून रक्त अडलेलं आतडं तगेल की कापावं लागेल, हा. पीळ सोडवल्यावर आतडं कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या कापडात, गुंडाळतात, भूलतज्ज्ञ १०० टक्के ऑक्सिजन देतात, १० ते १५ मिनिटं थांबतात. मग रंग, चकाकी, हलकं चिमटल्यावर उठणारी लहर आणि आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या धमन्यांची धडधड बघतात. शंका उरली तर २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून पाहतात. मॉप गार असेल तर धमन्या आकसतात आणि बरं आतडंही मेल्यासारखं दिसतं. म्हणून 'तगणारं' आणि 'न तगणारं' लिहा. आणि पीळ पडलेलं मोठं आतडं काळं पडून मेलंच असेल तर पीळ न सोडवता, आधी शिरा बांधून, तसंच कापून काढतात. नाहीतर साठलेलं विष आणि पोटॅशियम एकदम अंगभर जातं. पुस्तिकेत 'पीळ सोडवा' असं सरसकट आलं असेल तर ते आधी दुरुस्त करा, शब्द नंतर.

शब्दखोर : 'इजा' हा शब्द 'इजा-बिजा-तिजा'तला असणार. पहिला फटका तो इजा! इथेही दोन फटके आहेत, रक्त गेल्याचा इजा, परतल्याचा बिजा.

विसर्ग : ते एक-दोन-तीन मोजणं आहे. दुखापतीची 'इजा' अरबीतून फारसीमार्गे आली. म्हणून तर 'हानी' म्हणा म्हणतो.

कोपऱ्यातला : म्हणजे औषधाची बाटली हद्दपार झाली पाहिजे, 'दवा'ही अरबीच.

टाकेशिवण : 'संरक्षण'वर कोणी बोललंच नाही. प्रत्यारोपणाचं आतडं ४ अंश सेल्सिअसला यूडब्ल्यू या अवयव टिकवायच्या द्रावणात ठेवतात. त्यात लिटरमागे, वरच्या ऑक्सिडेजला रोखणारं ॲलोप्युरिनॉल १, ग्लुटाथायोन ३ आणि ॲडेनोसिन ५ मिलिमोल असतं. हे रक्त परतण्याच्या आधीच केलेलं, म्हणून 'पूर्वरक्षण' म्हणता येईल. उपचार नव्हे.

हिरवी_फांदी : छपाई गुरुवारी. सध्या 'रक्ततुटवडा व पुनःप्रवाह यांमुळे होणारी इजा' ठेवते.

विसर्ग : 'यांमुळे'वर अनुस्वार दिलात, आनंद झाला. पण 'रक्ततुटवडा' संकरित समास आहे, अर्धा संस्कृत, अर्धा मराठी.

कोपऱ्यातला : आणि 'रक्तपुरवठा' काय आहे?