मदत हवी आहे : एडीएआर१ हे विकर नेमके कोणाच्या बाजूचे?

नमस्कार. विषाणूंविरुद्धच्या जन्मजात प्रतिकारशक्तीवर सादरीकरण तयार करताना मी एडीएआर१ या विकरापाशी (एन्झाइमपाशी) अडलो आहे; जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मला उमगलेला भाग असा. पेशीद्रवातील एमडीए५ हा संवेदक लांब दुपदरी आरएनए आढळताच इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरोधी गजर देणाऱ्या प्रथिनांची, निर्मिती सुरू करवतो. मात्र असा आरएनए आपल्या स्वतःच्या जनुकांतूनही, विशेषतः शेजारीशेजारी उलटसुलट बसलेल्या आलू अनुक्रमांमुळे (जनुकसंचात असंख्य वेळा आढळणाऱ्या छोट्या तुकड्यांमुळे), तयार होत असल्याने एडीएआर१ त्यातील काही अ‍ॅडेनोसिन या ‘अक्षरांचे’ इनोसिन करते (यालाच संपादन म्हणतात), दोन पदरांची घट्ट वीण जागोजागी सैल होते आणि खोटा गजर टळतो. ज्या उंदरांत या विकराची केवळ संपादनक्षमता नष्ट केलेली असते ते गर्भातच दगावतात, पण सोबत एमडीए५ही काढून टाकल्यास प्रौढ होतात. इतका चोख पुरावा क्वचितच वाचायला मिळतो.

खरी अडचण पुढे आहे. या विकराचे पी१५० हे रूप इंटरफेरॉनमुळेच वाढते, म्हणजे ऐन संसर्गात गजर आणि तो दाबणारा हात दोन्ही एकदमच बळावतात. मग विषाणूचा आरएनएही याच संपादनाच्या आडोशाने निसटत नाही का? गोवराचा विषाणू मेंदूत वर्षानुवर्षे टिकून राहतो तेव्हा त्याच्या एम जनुकात (विषाणूकण बांधण्यास लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात) याच धाटणीचे असंख्य बदल सापडतात; त्यांना विकराचा हल्ला म्हणावे की विषाणूला मिळालेला आसरा? शिवाय एडीएआर१ पीकेआरलाही (दुपदरी आरएनए आढळताच पेशीतील प्रथिननिर्मिती रोखणाऱ्या विकरालाही) आवरते, ते संपादनाने की केवळ आरएनएला चिकटून राहिल्याने, हेही कुणी उलगडून सांगितल्यास आभारी राहीन.