बॉक्सिंग की एमएमए: जीव अधिक कुठे गुंततो? (अनुभव धागा)

बॉक्सिंग श्रेष्ठ की मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव यांना एकत्र मुभा असलेली एमएमए, हा वाद न घालता ज्या लढतीने आपल्याला जागेवर खिळवून ठेवले तिच्याविषयी लिहावे आणि प्रेक्षक म्हणून नेमके काय भावले ते सांगावे, अशी विनंती वाचकांना केली होती. आलेले अनुभव येथे देत आहे; आपणही भर घालावी.

कोल्हापूरहून

आमच्या घरातील तीन पिढ्या तालमीत गेल्या, त्यामुळे पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपली, हे लहानपणापासून मनात पक्के बसलेले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील ओकलंडला झालेल्या यूएफसीच्या (एमएमएच्या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या) लढतीत चेल सॉनन या कुस्तीगिराने तेव्हाचा विजेतेपदधारक अँडरसन सिल्वा याला चार फेऱ्यांहून अधिक काळ झोडपले आणि बहुतेक वेळ खाली दाबून धरले होते. आमच्या हिशेबाने सिल्वा कधीच चितपट झाला होता. पाचव्या फेरीत जेमतेम दोन मिनिटे उरली असताना, पाठीवर पडलेल्या त्याच सिल्वाने सॉननची मान आणि हात आपल्या पायांच्या कैचीत पकडले आणि सॉननला हार मानावी लागली. खाली पडलेला माणूसही जिंकू शकतो हे पाहिल्यापासून जमिनीवरची झटापट मला कधीच कंटाळवाणी वाटली नाही. बॉक्सिंगमध्ये दोघे एकमेकांना बिलगले की पंच त्यांना सोडवतो आणि माझा विरस होतो, कारण माझ्या दृष्टीने खरी लढत तिथूनच सुरू व्हायला हवी.

नाशिकहून

मला बॉक्सिंग अधिक आवडते, आणि त्याचे मुख्य कारण, पडलेल्या बॉक्सरला उठण्यासाठी मिळणारी दहापर्यंतची मोजणी हे आहे. १ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरचा उजवा आणि पाठोपाठ डावा ठोसा बसून टायसन फ्युरी उताणा कोसळला, तेव्हा लढत संपली असेच सर्वांना वाटले. पंच गुडघ्यावर बसून आकडे मोजत होता आणि वाइल्डर आनंद साजरा करत होता. तेवढ्यात फ्युरी उठून उभा राहिला आणि उरलेल्या वेळात त्यानेच वाइल्डरला मागे रेटले! लढत बरोबरीत सुटली. एमएमएत अशी मोजणी नसते. माणूस पडताच प्रतिस्पर्धी त्याच्यावर झेपावतो आणि पडलेल्याला बचाव करता आला नाही, तर पंच लढत थांबवतो. २०१५ मध्ये कॉनर मॅकग्रेगरने जोसे आल्डोला १३ सेकंदांत गारद केले तो क्षण थरारक होता, यात शंका नाही. पण पडलेला माणूस उठेल की नाही, या प्रश्नाने श्वास रोखून धरायला लावणारे ते काही सेकंद मला फक्त बॉक्सिंगनेच दिले आहेत.

न्यू जर्सीहून

२ मे २०१५ रोजी आम्ही मित्रांनी वर्गणी काढून मेवेदर आणि पॅकियाओ या बॉक्सरांची लढत पाहिली. मेवेदरचा खांद्याआडचा बचाव पाहण्यात मी रंगून गेलो होतो, तर निम्मी मंडळी सातव्या-आठव्या फेरीपर्यंत गप्पांत शिरली होती. ही लढत व्हावी म्हणून चाहत्यांना पाचेक वर्षे वाट पाहावी लागली होती. बॉक्सिंगमध्ये चार प्रमुख संघटना, विजेतेपदाचे चार पट्टे आणि लढती भरवणारे वेगवेगळे प्रवर्तक असतात. यूएफसीत मात्र एकच संस्था जोड्या लावते, म्हणून मोठ्या लढती तुलनेने लवकर पाहायला मिळतात.

नागपूरहून

एप्रिल २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो या बॉक्सरांची लढत झाली, आणि पाचव्या फेरीत टेलर आता पडणार असे वाटत असताना घंटा वाजली. महिलांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेऱ्या सहसा दोन मिनिटांच्या असतात, त्यामुळे रंगात आलेली लढत अशी तुटते. यूएफसीत झांग वेइली आणि योआन्ना येंद्रझेचिक यांनी मार्च २०२० मध्ये पुरुषांप्रमाणेच पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या लढल्या आणि ती लढत मी कितीही वेळा पाहू शकते. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सेरानोने स्वतःच तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या लढून दाखवल्या. टेलर आणि तिची पहिली लढत त्याच नियमाने झाली असती, तर ती पाचवी फेरी कशी संपली असती, हे पाहायला मला फार आवडले असते.