गाताना तोंड उघडले की उजव्या मॉनिटरमधला बास जातो. कानाचे माप पुन्हा देताना काय पाहावे?

तारषड्ज

नमस्कार. मी गायिका आहे. इतकी वर्षे रंगमंचावर मी रबरी टोप्यांचे तयार इन-इअर मॉनिटर, म्हणजे गाताना आपला आणि साथीचा आवाज ऐकण्यासाठी कानात घालायचे छोटे ध्वनिक्षेपक, वापरत होते. घाम आला की ते सैल होत आणि गाण्याच्या मध्येच बोटाने आत दाबावे लागत, म्हणून या वेळी कानाच्या मापाची जोडी करवून घेतली. माप जिथे दिले तिथे मुख्यतः श्रवणयंत्रांचे काम चालते. तेथील व्यक्तीने दोन्ही कानांत दोरा बांधलेला बोळा सरकवला, पिचकारीने सिलिकॉन भरले, बोलू नका आणि हलू नका असे सांगितले आणि पाचेक मिनिटांनी ठसे बाहेर काढले. ते थेट डबीत गेले. मी ते हातात घेऊन पाहिले नाहीत, आणि पाहिले असते तरी त्यात काय पाहायचे हे मला ठाऊक नव्हते.

जोडी आली तेव्हा घरी स्वस्थ बसून ऐकताना आवाज उत्तम वाटला. तालमीत मात्र मी मोठा ‘आ’कार लावला की उजव्या कानातला बास एकदम नाहीसा होतो आणि बाहेरचे ड्रम थेट कानात शिरतात, तोंड मिटले की सारे पूर्ववत होते. डावी बाजू ठीक आहे. उजवीकडचे ऐकू यावे म्हणून मी आवाज वाढवत जाते आणि तालमीनंतर बराच वेळ कानात गुणगुण राहते. बनवणारे लोक जोडी दुरुस्त करून द्यायला तयार आहेत, पण त्यांना नवे ठसे हवे आहेत.

दोष मापाचा आहे की कवचाचा, म्हणजे मापावरून केलेल्या, कानात बसणाऱ्या कठीण भागाचा, हे मला कसे कळेल? पुन्हा माप देताना मी कशाचा आग्रह धरावा? आणि एक अडचण आहे: उजव्या कानात काहीही घातले की मला खोकला येतो. मागच्या वेळीही बोळा सरकवताना आला होता.

मिक्सरमागचा

माप द्यायला जाण्यापूर्वी दहा मिनिटांची एक तपासणी करून पाहावी. मी ध्वनी-संयोजनाचे काम करतो आणि बिघाड वायरमध्ये असताना लोकांनी नवे ठसे दिल्याचे मी पाहिले आहे. मॉनिटर कानांत राहू द्यावेत आणि फक्त वायरची दोन टोके आपसांत बदलावीत. तक्रार डाव्या कानात गेली तर वायर किंवा तिची जोडणी सदोष आहे. तक्रार उजव्याच कानात राहिली तर 50 हर्ट्झच्या आसपासचा एकच स्वर हलक्या आवाजात सतत वाजवावा आणि जबडा अगदी सावकाश उघडावा. एका विशिष्ट टप्प्यावर स्वर विरला आणि जबडा मिटताच परतला, तर कवच आणि कानाची कातडी यांच्यामध्ये फट पडते आहे. खालचे स्वर अशा फटीतून सर्वांत आधी निसटतात. वरचे स्वर जवळजवळ तसेच राहतात, म्हणून आवाज ‘पातळ’ वाटतो. याउलट, मळाने ध्वनीचे छिद्र बुजले असेल तर एकंदर आवाज मंदावतो आणि वरचे स्वर विशेष दबतात, आणि जबड्याच्या हालचालीने त्यात काही फरक पडत नाही.

आपल्या वर्णनावरून मला फटीचाच संशय येतो. आणि कृपया आवाज वाढवून ती फट भरून काढू नये. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला मर्यादा 8 तासांची आहे आणि पुढे दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला एकच तास उरतो. गुणगुण राहते याचा अर्थ आपण मर्यादेपलीकडे गेला आहात.

कर्णविचार

मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि संगीतकारांच्या कानांची मापे नियमित घेतो. जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ जबड्याच्या सांध्यात आहे आणि ते समजले की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

प्रौढ माणसाची कानाची नळी साधारण 2.5 सेंटीमीटर लांब असते. ती सरळ नसून तिला दोन वळणे असतात. बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक, आणि आतला भाग हाडाचा असतो. जबड्याचा सांधा नळीच्या पुढच्या भिंतीला अगदी लागून आहे. तोंड उघडताना जबड्याच्या हाडाचे टोक पुढे व खाली सरकते, त्याबरोबर कूर्चेची भिंत ओढली जाते आणि बहुतेकांची नळी रुंदावते. किती रुंदावते हे माणसागणिक बदलते, आणि एकाच माणसाच्या दोन कानांतही ते सारखे नसते. आपला डावा कान ठीक आणि उजवा बिघडलेला, यात म्हणूनच नवल नाही. मिटल्या तोंडाने घेतलेला ठसा मिटल्या तोंडाच्या नळीचा असतो. आपण गाता ती नळी वेगळी. श्रवणयंत्राच्या कामात मिटल्या तोंडाचे माप पुष्कळदा पुरते, त्यामुळे त्या व्यक्तीने काही चुकीचे केले असे मी म्हणणार नाही. मॉनिटर गायिकेसाठी आहेत हे तिला कुणी सांगितले नसावे, इतकेच.

गायकांसाठी मी पुढच्या दातांमध्ये फोमचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा धरायला देतो आणि सिलिकॉन घट्ट होईपर्यंत तो तसाच ठेवतो. साधारण 2.5 सेंटीमीटर उंचीचा ठोकळा रूढ आहे, पण बनवणाऱ्यांच्या सूचनापत्रात निराळा आकडा असेल तर तोच पाळावा. ‘तोंड उघडे ठेवा’ असे नुसते सांगून भागत नाही. दोन मिनिटांत जबडा थकतो, नकळत खाली-वर होतो, आणि त्या हालचालीच्या सुरकुत्या ठशात उमटतात. ठोकळ्यावर दात हलकेच टेकवावेत, चावू नये. माप चालू असताना गाऊन दाखवण्याचा सल्लाही कधीकधी दिला जातो. मी तो देत नाही, कारण हलत्या कानाचा ठसा कोणत्याच एका स्थितीचा राहत नाही.

प्रत्यक्ष मापाआधी दिव्याच्या उपकरणाने कान पाहिलाच पाहिजे. मळ असेल तर तो आधी काढावा, आणि काढताना कान दुखावला असेल तर माप काही दिवस पुढे ढकलावे. पडद्याला छिद्र असेल, पडद्यात नळी बसवलेली असेल, कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा कान वाहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय सिलिकॉन कानाजवळही नेऊ नये. पातळ सिलिकॉन पडद्यापलीकडे गेले तर ते शस्त्रक्रियेनेच काढावे लागते. याच कारणासाठी, घरच्या घरी माप घेण्याच्या तयार संचांचा मोह मी कुणालाही धरू देत नाही. स्वतःच्या कानात डोकावून बोळा कुठे बसला हे पाहणे कुणालाच शक्य नसते.

बोळा दुसऱ्या वळणाच्या पलीकडे बसला पाहिजे आणि त्याने नळी पूर्ण अडवली पाहिजे. या एका गोष्टीवर बहुतेक मापे बिघडतात. बोळा अलीकडे राहिला की ठसा आखूड येतो, आणि आखूड ठशावरून केलेले कवच केवळ हलत्या कूर्चेवर टेकते. गायकांना त्याचा दुहेरी त्रास होतो. एक तर फट पडते. दुसरे म्हणजे स्वतःचा आवाज कूर्चेच्या भिंतींतून नळीत शिरून कोंडतो आणि माठात तोंड घालून गावे तसा घुमतो. कवच हाडाच्या भागापर्यंत पोहोचले तर हे घुमणे बरेच कमी होते.

आता खोकल्याविषयी. नळीच्या कातडीत व्हेगस या मज्जातंतूची एक शाखा येते. तिला स्पर्श झाला की काहींना खोकला येतो. हा दोष नव्हे, पण तो आधी सांगणे आवश्यक आहे. मग माप घेणारा बोळा सावकाश सरकवतो, खोकला शमण्याची वाट पाहतो, बोळा जागचा हलला नाही ना हे पुन्हा दिवा लावून पाहतो आणि त्यानंतरच सिलिकॉन भरतो. माझा तर्क असा की आपल्या उजव्या कानात बोळा खोकल्याने किंवा घाईने अलीकडेच राहिला असावा.

जाता जाता एक बारीक गोष्ट: लॅटेक्सच्या हातमोज्यांतील गंधकामुळे प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकॉन नीट आवळत नाही आणि ठसा वरून चिकट राहतो. हातमोजे नायट्राइलचे असावेत.

ठोकेवाला

मी ड्रम वाजवतो, गात नाही, आणि उघड्या तोंडाच्या मापाचा माझा अनुभव उलटा आहे. माझे माप ठोकळा धरून घेतले. कवच इतके घट्ट आले की तासाभराने जबड्याच्या सांध्यापाशी ठणका लागे, कारण वाजवताना माझे तोंड मिटलेले आणि दात आवळलेले असतात. शेवटी पुढच्या भिंतीवरून थोडे घासून घ्यावे लागले. कठीण ॲक्रिलिक कानाबरोबर दबत नाही, हे तेव्हा नीट कळले. त्यामुळे उघडे तोंड हाच एक खरा मार्ग आहे असे कुणी सांगितले की मला पटत नाही.

कर्णविचार

आपले म्हणणे रास्त आहे. मी गायकांपुरते लिहिले होते, तरी ते सर्वांना लागू असल्यासारखे वाचले गेले असावे. आपल्यासारख्यांना मी जबडा सैल सोडून, दात न टेकवता माप देण्यास सांगतो आणि ठोकळा बारीक वापरतो. तरीही माझा एक आग्रह राहतो: घट्ट कवच घासून सैल करता येते, पण सैल कवचावर भर घालून ते नीट बसवणे फार कठीण असते. शंका असेल तेव्हा मी मोठ्या मापाच्या बाजूने चुकणे पत्करतो.

साचेघर

मी कवचे बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते, तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूचे थोडे सांगते. आमच्याकडे आलेला ठसा त्रिमितीय यंत्राने टिपला जातो, संगणकावर त्याला आकार दिला जातो आणि मग राळेतून कवच छापले जाते. ठशात जे उमटलेले नाही ते आम्ही अंदाजाने भरतो, आणि अंदाज कानात टोचतो.

म्हणून ठसा बाहेर आला की तिथेच, उजेडात, हातात घेऊन पाहावा. नळीच्या भागावर दोन्ही वळणे स्पष्ट दिसली पाहिजेत आणि दुसऱ्या वळणापुढे काही मिलिमीटर लांबी उरली पाहिजे. बोळा टोकाला सरळ चिकटलेला असावा. तो तिरका असेल आणि त्याच्या बाजूने सिलिकॉनची पातळ जीभ पुढे गेली असेल, तर नळी पूर्ण अडवली गेली नव्हती. कानाच्या बाहेरची वाटी वरच्या घडीपर्यंत भरलेली असावी, कारण कवच ज्या आधाराने कानात अडकून राहते तो तिथेच असतो. बुडबुड्याचा खळगा, भरताना पडलेली शिवण किंवा बोटाने दाबल्याचा सपाट भाग दिसला तर ‘चालेल’ म्हणू नये, दुसरे माप मागावे. माप घेणाऱ्याला त्याचा राग येत असेल तर येऊ द्यावा.

ठशाला कात्री लावू नये, बोळा व दोरा काढू नये. दोन्ही ठसे कडक डबीत सुटे ठेवावेत; कापसात कोंबले की नळीचा भाग वाकतो. सोबतच्या चिठ्ठीवर आपण गाता हे, माप उघड्या तोंडाने घेतले हे आणि तक्रार नेमकी कधी होते हे लिहावे. ‘उजवा सैल’ एवढ्या दोन शब्दांवरून आम्हाला काही करता येत नाही. ‘आ-कार लावला की बास जातो, तोंड मिटल्यावर येतो’ हे वाक्य सोन्यासारखे आहे.

तारषड्ज

सर्वांचे मनापासून आभार. वायर बदलून पाहिली. तक्रार उजव्याच कानात राहिली. 50 हर्ट्झचा स्वर जबडा साधारण दोन बोटे उघडला की विरतो. बनवणाऱ्यांकडून जुन्या ठशांची छायाचित्रे मागवली, तर उजव्याचा बोळा तिरका आहे आणि नळीचा भाग डाव्याच्या मानाने स्पष्टपणे आखूड आहे. श्रवणतज्ज्ञांचा तर्क बरोबर निघाला.

काल संगीतकारांची मापे घेणाऱ्या एका तज्ज्ञांकडे जाऊन आले. खोकल्याविषयी आधीच सांगितले. उजव्या कानाचा पहिला ठसा त्यांनी स्वतःच रद्द केला, कारण बोळा हलला होता. दुसरा नीट आला. ठसा काढताना त्यांनी कानाची पाळी हळूच ओढून हवा आत जाऊ दिली आणि नंतर कान पुन्हा तपासला. मागच्या वेळी यातले काहीही झाले नव्हते.

शेवटची एक शंका. डावे कवच उत्तम बसते आहे. तरीही दोन्ही ठसे पाठवावेत का, की फक्त उजवाच?

साचेघर

दोन्ही ठसे पाठवावेत, मात्र डावे कवच बदलू नये असे चिठ्ठीत ठळक लिहावे. डावा नवा ठसा आम्ही जुन्याशी ताडून पाहतो; तोंड उघडल्यावर आपला डावा कान किती बदलतो हे त्यातून दिसते आणि उजव्याला किती भर द्यायची याचा अंदाज येतो. नीट बसलेले कवच मोडून पुन्हा करण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. आणि नवे उजवे आले की ते लगेच तालमीत नेऊ नये. आधी तोच 50 हर्ट्झचा स्वर लावून, जबडा उघडून आणि मान दोन्हीकडे वळवून पाहावे.