कळव्यात रुळाला लागून फ्लॅट मिळतोय, घ्यावा का?

मृण्मयी_के:
नमस्कार मंडळी. कळव्यात एक वन बीएचके भाड्याने बघितलाय. तिसरा मजला, हॉल आणि बेडरूम दोन्हीच्या खिडक्या सरळ रुळांवर उघडतात, मधे फक्त एक नाला आणि भिंत. भाडं बजेटमध्ये बसतंय आणि स्टेशन जवळ आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे त्यांना तेच हवंय. पण मुलगी दीड वर्षाची आहे आणि तिची झोप फार सावध. दुपारी बघायला गेलो तेव्हा एक फास्ट लोकल गेली आणि किचनमधल्या मांडणीवरची ताटं वाजली. नवरा म्हणतो सवय होते. खरंच होते का? जे रुळाशेजारी राहतात त्यांनीच सांगा प्लीज, ब्रोकरचं ऐकून झालंय.

पारसिककर:
ताई, मी जन्मापासून कळव्यातच. आवाजाची सवय होते, लहान मुलांना तर आपल्याआधी होते, त्याची काळजी करू नका. पण एक लक्षात घ्या, जुने लोक सांगतील की पूर्वी एवढा त्रास नव्हता, आणि ते खरंय. आधी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाल्यापासून त्या कळवा-मुंब्र्यावरून जातात आणि इथे न थांबता जातात, म्हणजे पूर्ण स्पीडमध्ये. सवय होत नाही ती धुळीची. चाकं, रूळ आणि ब्रेक घासून जी तांबूस काळी पूड उडते ती रोज खिडकीच्या कट्ट्यावर बसते, ओल्या फडक्यानेच निघते, कोरड्याने पुसलंत तर भिंतीला लागते. बाळाचे कपडे त्या बाजूला वाळत घालू नका.

गँगमनचा_मुलगा:
वडील रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे होते, लहानपण सगळं क्वार्टर्समध्ये गेलं म्हणून थोडं लिहितो. शेवटची लोकल साधारण एकला जाते आणि पहिली चारच्या आसपास येते, पण मधे शांतता असते असं समजू नका, मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या चालूच असतात. शिवाय ब्लॉक, म्हणजे रुळाच्या कामासाठी गाड्या थांबवायची वेळ, मिळतो तोही रात्रीच, मग टॅम्पिंग मशीन येतं, खडी दाबतात, फ्लडलाइट लागतात, माणसं ओरडतात. घर थरथरतं ते जास्त करून मालगाडीने, आणि त्यात एखाद्या डब्याचं चाक चपटं झालेलं असेल तर गाडी जाईपर्यंत ठोके ऐकू येतात. अजून एक बघा, खिडकीसमोर सांधा आहे का, म्हणजे जिथे एक लाइन दुसऱ्या लाइनला मिळते ती जागा. तिथे प्रत्येक चाक आपटतं. सांध्यासमोरचा फ्लॅट आणि त्याच बिल्डिंगमधला पलीकडच्या टोकाचा फ्लॅट यात खूप फरक पडतो.
आणि हॉर्नबद्दल. मोटरमनला हौस नसते. रुळावर माणूस दिसला की त्याला वाजवावाच लागतो. फाटकाच्या आधी ‘सी/फा’ लिहिलेला पिवळा बोर्ड असतो, सीटी फाटक, तिथून फाटक येईपर्यंत शिट्टी द्यायची असा नियमच आहे. ज्या भागात लोक रूळ ओलांडतात तिथे हॉर्न जास्त, सरळ हिशोब आहे.

डोंगरातली_गाडी:
मी नोकरीनिमित्त कर्सियांगला राहिलोय, दार्जिलिंगच्या खाली. तिथे गाडी रस्त्यातूनच जाते. १८८१ ची लाइन, दोन फुटी रूळ, हिल कार्ट रोड कितीतरी वेळा ओलांडते आणि बाजारात तर दुकानांच्या अगदी दाराशी. फळवाला शिट्टी ऐकून मान वर न करता टोपली पायाने आत ओढायचा, गाडी जायची, टोपली परत बाहेर. कुणी घाबरत नाही कारण न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग ८८ किमीला सात तासांच्या आसपास लागतात, माणूस शेजारून पळत जाऊ शकतो. आपल्याकडे लोकांना वाटतं की आपणही तसंच गाडीसोबत राहतोय, पण तसं नाहीये. ८०-९० च्या वेगातल्या लोकलला इमर्जन्सी ब्रेक मारला तरी थांबायला काहीशे मीटर लागतात. अंतर सारखं असलं तरी वेग सारखा नाही, आणि जीव जातो तो वेगामुळे.

पारसिककर:
हे अगदी बरोबर बोललात. ताई, आता मुद्द्याचं. नाल्याजवळ भिंतीला भगदाड आहे का ते बघून या. असेल तर सगळी बिल्डिंग तिथूनच स्टेशनला जात असणार. मी माझ्या डोळ्यांनी बघतो, बाई दप्तर घेऊन उभी असते, स्लो गेली की लगेच पाऊल टाकते, आणि त्या स्लोच्या आड पलीकडच्या लाइनवरून फास्ट येत असते जी तिला दिसलेलीच नसते. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे, पण दंडाचं सोडा, पुलाने जा. सासूबाईंना पूल चढवत नसेल तर स्टेशन जवळ आहे याला अर्थच नाही, मग रिक्षाचा हिशोब धरून भाडं ठरवा.

मृण्मयी_के:
भगदाड आहे. ब्रोकरने आम्हाला तिथूनच आणलं होतं. सांध्याचं माहीत नव्हतं, बघते. खिडक्यांना काही करता येतं का?

गँगमनचा_मुलगा:
येतं. स्लायडिंग असतील तर फटीतून आवाज येणारच, काच कितीही जाड लावा. बेडरूमपुरती तरी दाराच्या पल्ल्यासारखी उघडणारी, कडेला रबर असलेली आणि डबल काचेची खिडकी घालून मिळते का ते मालकाला विचारा, आवाज बराच कमी होतो. थरथर मात्र त्याने थांबत नाही, ती जमिनीतून येते. आणि ग्रिलमधून लांब काठी किंवा ओला बांबू बाहेर काढू नका, वरच्या वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात, शॉक लागायला हात लागावा लागत नाही. टोकन द्यायच्या आधी एकदा रात्री दोनच्या सुमारास जाऊन त्या बेडरूममध्ये तासभर बसा, मुलीला घेऊनच जा.